बोटॉक्स घेण्याआधी: आरसा, बाटली आणि युनिटचा हिशेब

बोटॉक्सची बाटली फ्रीजमधून काढून पेशंटसमोर धरली की दहातल्या निम्म्या बायका तेच म्हणायच्या, "सिस्टर, ही तर रिकामीच आहे!" दिसते खरी तशी. शंभर युनिटच्या (युनिट म्हणजे या औषधाच्या जोराचं माप) बाटलीत मूळ औषध नॅनोग्रॅममध्ये मोजावं इतकं थोडं असतं. त्याच्या सोबतीचं मीठ आणि अल्ब्युमिन नावाचं प्रथिन तळाशी पापुद्र्यासारखं चिकटलेलं दिसलं तर दिसतं. म्हणून बाटली रिकामी वाटली तर घाबरू नका. ती तुमच्यासमोर उघडलीच नाही, तर मात्र जरूर घाबरा.

मी आधी परळकडच्या एका न्यूरॉलॉजी ओपीडीत सिस्टर होते आणि नंतर बरीच वर्षं दादरच्या एका स्किन क्लिनिकमध्ये. दोन्हीकडे बाटली तीच. तिकडे पॅरालिसिस झालेल्या आजोबांची आवळलेली मूठ सैल करायला, इकडे कपाळावरच्या आठ्या घालवायला. ओपीडीतले नातेवाईक डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडायचे. क्लिनिकमध्ये मात्र "पॅकेज कितीला?" एवढं विचारून लोक खुर्चीवर बसायचे. हा लेख त्या दुसऱ्या लोकांसाठी आहे. पहिल्यांसाठीही शेवटी बरंच काही आहे.

हे औषध करतं काय

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू हे विष बनवतो. नीट न टिकवलेल्या डबाबंद अन्नातून ते पोटात गेलं तर माणूस दगावू शकतो. ‘बोट्युलस’ म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज. युरोपात खराब सॉसेज खाऊन लोक मरायचे, त्यावरून हे नाव पडलं. नसेकडून स्नायूला ‘आवळ’ असा निरोप ॲसिटिलकोलीन या रसायनातून जातो. हे औषध नसेच्या टोकाशी तो निरोप अडवतं. स्नायू मरत नाही, नसही मरत नाही, फक्त फोन लागत नाही. तीन-चार महिन्यांत लाइन पुन्हा जोडली जाते आणि स्नायू पूर्ववत होतो. घामाच्या ग्रंथींनाही ॲसिटिलकोलीनचाच निरोप लागतो, म्हणून काखेतला घामही यानं थांबतो.

सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी हे औषध वापरायला सुरुवात केली. १९८९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध प्रशासनानं, ते तिरळेपणा आणि पापण्यांच्या झटक्यांसाठी मंजूर केलं. पुढे व्हँकूव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरूथर्स यांना दिसलं, की पापण्यांसाठी इंजेक्शन घेणाऱ्यांच्या भुवयांमधल्या रेषाही जातात. त्या आणि त्यांचे त्वचारोगतज्ज्ञ पती ॲलिस्टेअर यांनी १९९२ मध्ये यावर लेख लिहिला. सौंदर्यासाठीची मंजुरी मिळाली ती २००२ मध्ये. म्हणजे औषध आधी आजाराचं आहे आणि मग चेहऱ्याचं.

जाता जाता, हा जिवाणू आपल्या घरात कुठे असू शकतो तेही सांगते. त्याचे बीजाणू मधात असू शकतात. मोठ्या माणसाला त्यानं काही होत नाही, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजू शकतात. बाळाला सोनं-मध चाटवायची किंवा गुटी मधात उगाळायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. आजी कितीही रागावली तरी वर्षभर मध नको.

आधी आरसा

आरशासमोर चेहरा अगदी सैल सोडून उभे राहा. मग रागावल्यासारख्या आठ्या घाला, भुवया वर उचला, मनापासून हसा. ज्या रेषा फक्त हालचालीत उमटतात त्या या इंजेक्शनानं चांगल्या जातात. चेहरा सैल असतानाही ज्या कोरल्यासारख्या दिसतात त्या फिकट होतील, पण पूर्ण पुसल्या जाणार नाहीत. नाकापासून ओठांच्या कोपऱ्याकडे येणाऱ्या घड्या हे याचं काम नव्हे, तिथे लोक फिलर घेतात. फिलर ही पूर्ण वेगळी वस्तू आहे, तो जागा भरतो. हायल्युरोनिक ॲसिडचा फिलर बिघडला तर दुसरं इंजेक्शन देऊन विरघळवता येतो. बोटॉक्स मात्र एकदा टोचलं की परत घेता येत नाही, उतरेपर्यंत वाट पाहायची. वांग, काळे डाग, टॅन यांना याचा उपयोग शून्य. आणि पार्लरमधल्या ‘हेअर बोटॉक्स’मध्ये हे औषध नसतंच, ते केसांना लावायचं लेपन आहे, नाव फक्त उसनं घेतलेलं.

चोविशीतल्या मुली ‘प्रिव्हेंटिव्ह’ म्हणून यायच्या. आरशात काही दिसत नसेल तर टोचायचं काय, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

टोचणारा हात कोणाचा

चेहऱ्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन. पापण्यांच्या झटक्यांसाठी नेत्रतज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्ट. पाटीवर ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ किंवा ‘एस्थेटिक फिजिशियन’ लिहिलेलं असेल तर त्यापुढची मूळ पदवी वाचा. डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर शोधायला दोन मिनिटं लागतात. लोकलमध्ये सीट मिळण्याआधी होईल. पार्लरमध्ये, मैत्रिणीच्या घरी, सोसायटीच्या हॉलमध्ये, किटी पार्टीत ‘बाहेरून येणाऱ्या मॅडम’कडून हे घेऊ नका, ती कितीही गोड बोलली तरी. २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट किंवा दवाखान्याबाहेर घेतलेल्या इंजेक्शनांमुळे ११ राज्यांतल्या २२ जणींना त्रास झाला आणि त्यांतल्या निम्म्या रुग्णालयात दाखल झाल्या. त्यांतल्या काहींनी ते घरी किंवा स्पामध्ये, प्रशिक्षण नसलेल्या माणसाकडून घेतलं होतं.

डॉक्टरांनी न विचारताही सांगायच्या गोष्टी

लाजू नका, विसरू नका. गर्भार असाल, दिवस राहण्याचा प्रयत्न चालू असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर थांबा. मायस्थेनिया ग्रेव्हिस, लॅम्बर्ट-ईटन, एएलएस असे नसा-स्नायूंचे आजार असतील तर हे औषध धोक्याचं ठरू शकतं. गिळायला किंवा श्वासाला आधीपासून त्रास आहे का, तेही सांगा. जेंटामायसिन, अमिकासिन जातीची अँटिबायोटिक इंजेक्शनं चालू असतील किंवा नुकतीच झाली असतील तर सांगा, कारण त्यांनी औषधाचा जोर वाढू शकतो. टोचायच्या जागी पुरळ, गळू, संसर्ग असेल तर तो बरा होऊ द्या. गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर डिस्पोर्ट हा याच औषधाचा दुसरा ब्रँड चालत नाही, त्यात लॅक्टोज असतं आणि दुधाच्या प्रथिनांचा अंश असू शकतो. बोटॉक्समध्ये मानवी रक्तातून काढलेलं अल्ब्युमिन असतं. कुणाला त्यावर धार्मिक आक्षेप असेल, तर आधी कळलेलं बरं.

रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी काळंनिळं जास्त होतं. पण हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर आपल्या मनानं बंद करायचं नाही. एका आजींनी मुलीच्या लग्नात गालावर डाग नको म्हणून परस्पर गोळी सोडली होती. डॉक्टरांनी त्यांना इंजेक्शन न देता घरी पाठवलं, तेही हृदयाच्या डॉक्टरांकडे जाण्याची चिठ्ठी देऊन.

लग्नावरून आठवलं. परिणाम दिसायला दोन ते चार दिवस लागतात, पूर्ण व्हायला दोन आठवडे. म्हणून घरचं कार्य असेल तर निदान तीन आठवडे आधी या. काही कमी-जास्त वाटलं तर दुरुस्तीला वेळ राहतो. आयुष्यात पहिल्यांदाच घेत असाल तर कार्याच्या आसपास नकोच. आधी एखाद्या साध्या महिन्यात घेऊन बघा.

युनिट

इथे जरा थांबते, कारण पैसे आणि परिणाम दोन्ही याच शब्दात दडलेले आहेत.

बोटॉक्स ब्रँडचा भुवयांमधल्या उभ्या आठ्यांसाठी ठरलेला डोस २० युनिट, पाच ठिकाणी चार-चार. दोन्ही डोळ्यांच्या कडा मिळून २४. कपाळाच्या आडव्या रेषांसाठी २०, आणि ते भुवयांमधल्या २० सोबतच द्यायचे असं लेबल सांगतं. कारण भुवया वर धरणारा स्नायू तेवढा ढिला केला आणि खाली ओढणारे तसेच सोडले, तर भुवया उतरतात. डॉक्टर चेहरा बघून हे आकडे कमी-जास्त करतात. पुरुषांना बहुधा जास्त लागतं.

पण युनिट हे प्रत्येक ब्रँडचं स्वतःचं माप आहे. डिस्पोर्टचा त्याच जागेचा डोस ५० आहे. म्हणून ‘तिकडे ५० युनिट देतात, तुम्ही २०च देता’ ही तुलना म्हणजे शेर आणि किलोची तुलना. दर विचारताना ब्रँड, एका युनिटचा दर आणि किती युनिट, हे तिन्ही विचारा. ‘एका एरियाचा दर’ सांगून गप्प बसणाऱ्याला युनिट विचारलं की चेहरा बघण्यासारखा होतो.

आता औषध विरघळवायला बाटलीत सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी, किती घालतात ते. शंभर युनिटच्या बाटलीत अडीच मिली नॉर्मल सलाइन घातलं तर एका मिलीत ४० युनिट येतात. आपल्याकडे लाल टोपीची इन्शुलिन सिरिंज मिळते, तिच्यावर एका मिलीला ४० रेघा असतात. त्यामुळे या हिशेबात एक रेघ म्हणजे बरोबर एक युनिट. नारिंगी टोपीच्या सिरिंजवर मिलीला शंभर रेघा असतात, तिथे एक युनिट म्हणजे अडीच रेघा. पेशंटनं रेघा मोजून ‘दहाच दिले’ म्हणून भांडायचं आणि नंतर ओशाळायचं, हे मी अनेकदा पाहिलंय. सलाइन अडीचऐवजी एक मिली किंवा चार मिली घालणारेही असतात, तो डॉक्टरांचा निर्णय आहे आणि त्यात लबाडी असेलच असं नाही. लबाडी असते ती कागदावर २० लिहून चेहऱ्यात १२ घालण्यात. ती ओळखायला मार्ग एकच: बाटली समोर उघडा म्हणायचं, सलाइन किती घातलं विचारायचं आणि किती ओढलं ते पाहायचं. चांगले डॉक्टर यावर चिडत नाहीत.

बाटलीवर आणि खोक्यावर लॉट नंबर आणि मुदत एकच आहे ना, ते बघा. बोटॉक्सच्या लेबलवर होलोग्राम असतो. बाटली फ्रीजमधून, २ ते ८ अंश तापमानातून आली पाहिजे. चांगल्या बाटलीत हवा नसते, सलाइनची सुई टोचली की ते आपसूक आत खेचलं जातं. खेचलं गेलं नाही तर ती बाटली टाकून द्यायची असते. एकदा विरघळवलेलं औषध लेबलप्रमाणे २४ तासांत वापरायचं. ‘कालची थोडी शिल्लक आहे, स्वस्तात लावून देते’ याला नम्रपणे नाही म्हणा. बाटलीवरचा स्टिकर आपल्या फाइलवर चिकटवून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा.

खुर्चीवर

मेकअप पुसतात, आठ्या घालायला सांगतात, पांढऱ्या पेन्सिलनं ठिपके काढतात. फोटो काढतात. तुमच्या मोबाइलवरही काढून घ्या, दोन आठवड्यांनी आठवणीवर विसंबायला नको. भुवया आधीपासूनच वरखाली असतात हे बहुतेकांना इंजेक्शननंतरच्या फोटोतच पहिल्यांदा कळतं! संमतीपत्र सही करण्याआधी वाचा. सुई केसासारखी बारीक, दहा मिनिटांचं काम. डास चावल्यासारख्या गाठी अर्ध्या तासात बसतात.

घरी जाताना

चार तास आडवं होऊ नका, खाली वाकून झाडलोट नको, टोचलेली जागा चोळू नका. त्या दिवशी जिम, सूर्यनमस्कार, फेशियल, मसाज नको. या नियमांमागचा पुरावा फार भक्कम आहे असं नाही, पण पाळायला काही खर्च नाही. मी मुंबईपुरती दोन कलमं वाढवायचे. एक, संध्याकाळी सहाच्या विरार फास्टमध्ये चढायचं असेल तर त्या दिवशी अपॉइंटमेंट दुपारची घ्या. कुणाचं कोपर कपाळावर येईल सांगता येत नाही. दोन, भुवयांमध्ये टोचलं असेल तर आजच्या दिवस टिकली नको, ती दाबून बसवताना नेमकी तीच जागा दाबली जाते. कुंकवाचा हलका ठिपका चालेल, तोही दुसऱ्या दिवसापासून.

किरकोळ डोकेदुखीला पॅरासिटामॉल पुरतं. काळंनिळं आठवड्याभरात जातं.

बिघडलं तर

सगळ्यांना भीती असते पापणी पडण्याची. औषध थोडं खाली सरकलं की आठवड्याभरात एक पापणी जड होते. भीती वाटते, पण ती उतरते. काही आठवडे लागतात. ॲप्राक्लोनिडिनचे थेंब पापणी एक-दोन मिलिमीटर उचलतात, ते डॉक्टरांनीच द्यायचे. एक भुवई वर चढून राहिली तर दोन आठवड्यांनी एक-दोन युनिटांत सरळ होते. त्याआधी ‘अजून थोडं मारा’ म्हणून मागे लागू नका, परिणाम पूर्ण झालेला नसतो.

मात्र गिळताना घास अडकणं, आवाज घोगरा किंवा नाकात जाणं, एकाचे दोन दिसणं, श्वासाला त्रास, अंगभर अशक्तपणा यातलं काहीही झालं, मग ते काही तासांनी असो की काही आठवड्यांनी, तर क्लिनिकला फोन करत बसू नका. सरळ जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा आणि ‘बोट्युलिनम टॉक्सिन घेतलंय, अमुक तारखेला, अमुक युनिट’ असं सांगा. फोटोतला तो स्टिकर इथे कामी येतो. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या भारत सरकारच्या टोल फ्री क्रमांकावर करता येते. बनावट मालाचा संशय असेल तर वांद्रे-कुर्ला संकुलातलं राज्याचं अन्न व औषध प्रशासन आहे.

आजारासाठी

घामापासून सुरू करते, कारण मुंबईत हा विषय रोजचा आहे. साधा घाम सगळ्यांनाच येतो. पण ऑफिसच्या एसीतही कपडे भिजत असतील आणि ॲल्युमिनियम क्लोराइडच्या रोल-ऑननं भागत नसेल, तर काखेत प्रत्येकी ५० युनिट देतात. आधी आयोडीन लावून वर कॉर्नफ्लॉवर भुरभुरतात, जिथे घाम तिथे काळंजांभळं होतं आणि नेमकी तीच जागा टोचतात. परिणाम बहुधा सहा-सात महिने टिकतो, म्हणजे मार्चमध्ये घेतलं तर ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत निभावतं. तळहाताला दुखतं फार आणि काही आठवडे पकड सैल पडू शकते. दारात लटकून प्रवास करणाऱ्यांनी आणि तबलजींनी हे आधी बोलून घ्यावं. तळहातासाठी पाण्यातल्या सौम्य विजेचा उपचार आधी करून बघण्यासारखा आहे.

अर्धशिशीसाठी हे प्रत्येकाला नाही. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतं, त्यातले निदान आठ दिवस अर्धशिशीचे, आणि हे तीन महिने चालू आहे, अशांसाठी. कपाळ, कानशिलं, डोक्यामागे, मान, खांदे अशी ३१ ठिकाणं, १५५ युनिट, दर १२ आठवड्यांनी. पहिल्या खेपेला फरक पडला नाही तरी दुसरी घेऊन मग ठरवतात. हिशेब ठेवायला ॲप लागत नाही. घरातल्या कालनिर्णयवर दुखलेल्या दिवशी फुली मारा, गोळी घेतली तर फुलीभोवती गोल. तीन महिन्यांची पानं फाडून न्यूरॉलॉजिस्टकडे घेऊन गेलात तर ते मनातून आशीर्वाद देतील.

पॅरालिसिसनंतर हात आवळला जातो, बोटं तळव्यात रुततात, नखं टोचतात, हात धुता येत नाही, सदऱ्याची बाही चढत नाही. इथे २०० ते ४०० युनिटही लागू शकतात, म्हणजे अनेक बाटल्या. नातेवाईकांनी एक गोष्ट पक्की धरावी: इंजेक्शननं हातात ताकद येत नाही, फक्त ताठरपणा उतरतो. त्या मोकळ्या तीन महिन्यांत रोजचा व्यायाम आणि स्प्लिंट (हात सरळ धरून ठेवणारा आधार) झाला नाही तर पैसे पाण्यात. टाचा न टेकता चालणाऱ्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचंही तेच, पोटरीला इंजेक्शन आणि मागोमाग फिजिओथेरपी, कधी प्लास्टर. हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, अशा व्यायामासाठी तिथे चौकशी करा.

मान एका बाजूला ओढली जाणं, पापण्या आपोआप मिटणं, अर्ध्या चेहऱ्याला झटके येणं यांवर तर हा मुख्य उपचारांपैकी एक आहे. लघवी अजिबात रोखता येत नसेल आणि गोळ्या लागू पडत नसतील तर मूत्राशयात दुर्बिणीतून १०० युनिट देतात. लघवी अडकली तर काही काळ नळी घालायची तयारी मात्र ठेवावी लागते.

सरकारी रुग्णालय, प्रिन्सेस स्ट्रीट आणि विमा

केईएम, नायर, सायन, जेजे इथे तपासणी आणि डॉक्टरांची फी नावापुरती असते, महाग असते ती बाटली. ती बाहेरून आणायला सांगितली तर आधी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा. कुठल्या ट्रस्टची मदत मिळते, कागद कुठले लागतात, हे तिथल्या ताईंना पाठ असतं. सिद्धिविनायक मंदिर न्यासही गरजू रुग्णांना वैद्यकीय मदत देतो.

बाटली आणायला बहुतेक जण मरीन लाइन्सच्या प्रिन्सेस स्ट्रीटला जातात. जाताना थर्मोकोलचा डबा आणि जेल पॅक न्या. बाटली बर्फाला थेट चिकटू देऊ नका, मध्ये कागद गुंडाळा. बिल घ्या, बिलावर लॉट नंबर लिहिलाय का बघा. काही ब्रँड फ्रीजबाहेरही टिकतात, पण ते खोक्यावर छापलेलं असेल तरच मानायचं. आणि बाटली इंजेक्शनच्या सकाळीच आणा. आदल्या रात्री आणून घरच्या फ्रीजच्या दारात, दुधाच्या पिशवीशेजारी ठेवलेली बाटली एका मुलानं आमच्याकडे आणली होती. रात्रभर फ्रीज बंद पडला होता, हे त्यानं आपणहून सांगितलं म्हणून कळलं. त्याच्या वडिलांचं इंजेक्शन त्या दिवशी झालं नाही.

सौंदर्यासाठीच्या उपचारावर विमा नाही आणि वर जीएसटी लागतो. आजारासाठी विमा नाकारायचं कारण नाही, पण ओपीडीत दिलेल्या इंजेक्शनाला ‘दाखल नव्हता’ म्हणून पैसे मिळत नाहीत, हे फार जणांचं होतं. डॉक्टरांकडून आजाराचं नाव आणि ‘सौंदर्यासाठी नाही’ असं स्पष्ट लिहून घ्या, विमा कंपनीला ईमेलवर आधी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

पुढचं इंजेक्शन बारा आठवड्यांच्या आत घेऊ नका. घाईघाईनं वारंवार घेतलं तर शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं आणि मग औषध लागू पडेनासं होतं. चेहऱ्यासाठी हे वाईट वाटण्यापुरतं आहे. पण उद्या पॅरालिसिससाठी किंवा वाकड्या झालेल्या मानेसाठी हेच औषध लागलं, तर तेव्हा काम करणारी बाटली हवी. घरी गेल्यावर कालनिर्णयवर बारा आठवडे मोजून खूण करा आणि शेजारी ब्रँड, युनिट, लॉट नंबर लिहून ठेवा.